घरात कुणाला साखर नाही

७८६
तळेगाव ढमढेरे
८ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. आयेशा हिस अम्मीचा सलाम आणि ओंजळभर दुआ. वि. वि.

आधी घरातल्या एकेकाची तब्येत विचारते, मग तुझी. तुझे सासरे अयुबभाई यांचा गुडघा कसा आहे? गाद्या भरायला खाली बसतात ते आपले आपण, आणि उठायला मात्र सगळं घर लागतं, असं तू मागं लिहिलं होतंस. जेवणं झाली की माझी पत्रं तेच चौघांत मोठ्यानं वाचतात ना? मग भाई, गुडघ्याच्या ओळीला आवाज बारीक करू नका. विहीणबाईंचा दमा या थंडीत उसळला नाही ना? यवत ते दौंड जीप मारून झिशानरावांच्या घशात धूळ साचली असेल, त्यांना हळद-दूध दे. धाकटे दीर अक्रम यांना पाळीच्या कामानं पित्त होतं, ते कसं आहे?

आता तू. आठवा निम्मा सरला. लग्नानंतर चार वर्षांनी अल्लाहनं दिवस दाखवलेत, तेव्हा जपून. सतवाशाला मी आले नाही म्हणून तू रुसलीस, पण पायात काटा गेलाय तो निघता निघत नाही. पाय टेकता आला की तुला इकडं घेऊनच येते. सोबत साजूक तुपातले खारीक-खोबऱ्याचे लाडू पाठवलेत, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन खा. पोट मोठं दिसतंय म्हणून लाजू नकोस. तू जन्मलीस तेव्हा बाळंतपणाला आलेल्या साळूताईनं तुला माझ्या कांद्याच्या तागडीत घातलं होतं, सव्वाचार किलो भरलीस! तुझी धाकटी बहीण तहमीना साडेचार. आमच्याकडची लेकरं बाजारभर मिरवावीत अशीच असतात.

तहमीना एकविसावं संपवतेय. तिच्या आणि अक्रमच्या बाबतीत बकरी ईदच्या आत शब्द द्यायचं विहीणबाई म्हणाल्या होत्या, त्याची इथं वाट पाहतो आहोत. घाई नाही असं लिहायला हवं, पण आहे.

तुझी अम्मी
नूरबी


यवत
१३ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप अम्मीस आयेशाचा सलाम. वि. वि.

लाडू पोचले. अब्बाजींनी गुडघ्याची ओळ जास्तच मोठ्यानं वाचली आणि तुझ्या व्याह्याचा गुडघा तुझ्या काट्यापेक्षा बरा आहे असं लिही म्हणाले. सासूबाईंचा दमा ताब्यात आहे. हे बरे आहेत. अक्रम भावजींना तहमीनाचं नाव काढलं की पित्त आठवत नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. परवा मला दौंडला लेडी डॉक्टरकडं नेलं. त्या म्हणाल्या की बाळ महिन्यांच्या मानानं फार मोठं आहे आणि माझ्या लघवीत साखर दिसते. मग त्यांनी विचारलं की तुझ्या आईला साखरेचा आजार आहे का, आणि आईचं एखादं मूल शेवटच्या दिवसांत गेलं होतं का. मी दोन्हीला नाही म्हटलं. तरी त्यांनी पुन्हा विचारलं. सांगत होत्या की आईच्या रक्तात साखर जास्त असली की बाळ वरून नुसतं भरतं, आतून मात्र कच्चं राहतं, आणि शेवटी शेवटी घात होऊ शकतो. हे दुखणं आईकडून लेकीकडं येतं, म्हणून खोदून विचारते म्हणाल्या. सकाळी उपाशीपोटी येऊन रक्त तपासायला सांगितलंय.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या की या डॉक्टरिणीचीच नजर वाईट आहे, भरलेलं पोट बघवत नाही तिला. अब्बाजींनी मात्र मधला मार्ग काढला. नूरबी भाभी शब्दाच्या पक्क्या आहेत, त्यांना लिहून विचारू, त्या सांगतील तसं करू, असं ठरलं. तेव्हा अम्मी, स्वच्छ लिही. तुझ्या उत्तरावर तपासणीचं ठरणार आहे.

तुझी
आयेशा


७८६
तळेगाव ढमढेरे
१७ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. आयेशा हिस अम्मीचा सलाम आणि दुआ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अयुबभाईंना सांग, आमच्या घरात कुणाला साखर नाही. बाकीच्या गोष्टी विचारायला त्या डॉक्टरीणबाईंना वेळ बरा मिळतो. तरी त्यांनी रक्त तपासायला सांगितलंच आहे तर तपासून टाकावं, शिकलेल्या बाईचं मन मोडू नये.

दुसरं म्हणजे, मी पाठवलेल्या लाडवांचं तूप खवट होतं असा मला मागाहून संशय आला. तू आता एकही खाऊ नकोस. झिशानरावांना सांगून जीपच्या अड्ड्यावर वाटून टाक. गुळाचा चहा सोड. बाजरीची भाकरी, मेथी आणि कारली खा. जेवल्यावर अंगणात पन्नास फेऱ्या मार. का म्हणून विचारू नकोस, आईचं ऐकायला कारण लागत नाही.

विहीणबाईंना माझा सलाम, अक्रमना दुआ. तहमीना बरी आहे.

तुझी अम्मी
नूरबी


तळेगाव ढमढेरे
१८ फेब्रुवारी १९९९

साळूताईस नूरबीचा राम राम. वि. वि.

तुझा दुखरा दात, तुझी म्हैस, निमोण्यातलं बाकी सगळं ठीक असेल. माझं ठीक नाही.

माझ्या साखरेचं तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. दोन वर्षं झाली, शिरूरला गोळ्या आणायला तूच माझ्याबरोबर येतेस आणि आपण बांगड्या भरायला चाललो असं तहमीनाला सांगतो. पायात काटा नाही, न भरणारी जखम आहे, हेही तू पाहिलंस. काल आयेशाला मी लिहिलं की घरात कुणाला साखर नाही.

का लिहिलं ते ऐक. त्या घरात पत्र चौघांत वाचतात. फोन करावा तर शेजारच्या दुकानात, तिथं तर आठ जण ऐकतात. आईला साखर आहे म्हटलं की विहीणबाई पुढच्याच घासाला विचारणार, मग लेकीच्या अंगात काय आहे? तहमीनाला बाप नाही. दोन ठिकाणांहून नकार आला. अक्रमसारखा मुलगा, आणि थोरली बहीण त्याच घरात. याहून चांगली जागा मला सापडायची नाही. हा एक शब्द पडेपर्यंत गप्प बसावं, एवढंच माझ्या मनात होतं. लाडू बंद केलेत, मेथी-भाकरी सांगितलीय. तेवढ्यानं निभेल ना?

आणि साळूताई, तो मुलगा. आयेशा तीन वर्षांची होती, तिला मामूकडं ठेवलं होतं, म्हणून तिला त्याचं काही माहीत नाही. तागडीत पाच किलो भरला आणि रडलाच नाही. तू त्याला पालथा धरून पाठीवर चापट्या मारत होतीस, त्या अजून माझ्या कानात आहेत. मी बाजारात पोटावर हात ठेवून फुशारकी मारत होते म्हणून नजर लागली, असं सगळे म्हणाले. मीही तसंच मानलं. आता डॉक्टरीण माझ्या लेकीला नेमकं तेच विचारते. तू दवाखान्यात आया म्हणून जन्म घालवलास, तुला माहीत असणार. ती नजर नव्हती का?

तुझी
नूरबी


निमोणे
२२ फेब्रुवारी १९९९

नूरबीस साळूबाईचा रामराम.

माझा दात हाय तसाच हाय. म्हैस बरी हाय आन् तुझ्यापरीस शहाणी हाय, दुखलं की हंबरती तरी.

तू इचारलंस ती नजर व्हती का. न्हाई. तवा मला बी ठावं नव्हतं, मीठ-मोहऱ्या मीच उतरवल्या. पुढं दवाखान्यात वीस वर्सं बायका बघितल्या, डॉक्टर सांगायचे ते कान देऊन ऐकलं, तवा उमगलं. आईच्या रगतातली साखर नाळंतनं लेकराला जाती. लेकरू वरनं गुबगुबीत दिसतं, समदी कौतुक करत्यात, आन् शेवटी एकाएकी गप व्हतं. तुला सांगितलं न्हाई, कारण मातीत गेलेलं उकरून तुला का रडवायचं. ती माझी चूक हाय. तुझ्या सव्वाचार आन् साडेचार किलोच्या पोरी जगल्या ह्यो आपला नशिबाचा भाग, मोठेपणा न्हाई.

मेथी-भाकरीचं म्हणशील तर ते सहा महिन्यांपूर्वी करायचं काम. आता रगत तपासायचं आन् डॉक्टरणीच्या हातात पोर द्यायची. तू पेरलंस ते तिच्यात उगवलंय, तेवढं तिला सांगायला तुझी जीभ का जड व्हती? तहमीनाचं लगीन ह्या साली न्हाई झालं तर फुडल्या साली व्हईल. आयेशाच्या पोटातल्याला फुडलं साल न्हाई.

मी जाऊन सांगितलं तर म्हणतील ही कोण परकी बाई. त्या घरात तुझं अक्षर वळखतात. तूच लिव्ह. आन् न्हाई लिवलंस तर माझ्याकडं रडायला येऊ नगंस, तुझ्या खोट्यावर मी अंगठा उठवणार न्हाई.

तुझी
साळू


यवत
२६ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप अम्मीस आयेशाचा सलाम. वि. वि.

हे पत्र मी घरात न सांगता लिहिते आहे, शेजारची भाभी पेटीत टाकील. उत्तर देताना हे कळू देऊ नकोस.

तुझं मागचं पत्र अब्बाजींनी वाचलं. घरात कुणाला साखर नाही ही ओळ सासूबाईंसाठी त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले की भाभींनी लिहिलं म्हणजे प्रश्नच मिटला, पोरीला उपाशी ठेवून सुया कशाला टोचायच्या. तपासून टाकावं असं तू पुढं लिहिलं होतंस, ते नुसतं डॉक्टरिणीच्या समाधानासाठी आहे, असं सगळ्यांनी धरलं. तपासणी रद्द झाली. लाडू मात्र वाटू दिले नाहीत. सासूबाईंनी स्वतः चाखून तूप चांगलं असल्याचं सांगितलं आणि रोज समोर बसून खायला लावतात. मी नको म्हटलं की तुला माहेरचंही गोड लागेना झालं का म्हणून टोमणा मारतात.

अम्मी, मला तहान भागेनाशी झालीय. आणि कालपासून बाळ पहिल्यासारखं हलत नाही. आधी लाथा मारून जीव नकोसा करायचं. आज दुपारी मी कुशीवर पडून मोजलं, तासाभरात एकदाच हललं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, एवढं मोठं बाळ, त्याला आत जागा कुठली? तसंच असेल ना? तुझ्या वेळी असं व्हायचं का? मला भीती वाटते, पण तू लिहिलं आहेस की काही नाही, म्हणून मी गप्प आहे.

शुक्रवारी, पाच तारखेला, सगळे तहमीनाला शब्द द्यायला तुझ्याकडं येणार आहेत. अबोली रंगाची साडी घेतली. तिला सांगू नकोस.

तुझी
आयेशा


७८६
तळेगाव ढमढेरे
१ मार्च १९९९, सकाळ
साळूताईच्या हस्ते

रा. रा. अयुबभाई यांस नूरबीचा सलाम.

भाई, हे पत्र पुढं वाचायच्या आधी झिशानरावांना जीप काढायला सांगा आणि आयेशाला दौंडला डॉक्टरीणबाईंकडं न्या. आत्ता. तिचं बाळ हलेनासं झालंय. तिनं तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझ्या लिहिण्यावर तिनं विश्वास ठेवला. जीप निघाली की मग बाकीचं वाचा.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. मला दोन वर्षं साखर आहे. शिरूरला गोळ्या चालू आहेत. पायात काटा गेलेला नाही, जखम आहे आणि ती साखरेमुळं भरत नाही. म्हणूनच सतवाशाला आले नाही आणि आज स्वतः धावत येण्याऐवजी निमोण्याहून बोलावून घेतलेल्या साळूताईला न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या गाडीनं पाठवते आहे. आयेशा आणि तहमीना यांच्या मधे मला एक मुलगा झाला होता. पूर्ण दिवसांचा, पाच किलोचा. त्यानं श्वास घेतला नाही. शेवटचे दोन दिवस तो पोटात हलत नव्हता आणि मीही म्हणत होते की मोठा आहे, जागा नाही. आयेशाला हे माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना हे सगळं जसंच्या तसं सांगा, एकही शब्द गाळू नका. साळूताई सोबत राहील, ती त्या वेळी हजर होती.

खोटं का लिहिलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तहमीनाचा शब्द जाईल म्हणून. एका लेकीचा संसार मांडायला मी दुसरीचं लेकरू पणाला लावलं. तुमच्या घरात माझी पत्रं मोठ्यानं वाचतात, याच भीतीनं मी गप्प राहिले. आता तुम्हाला वाटलं तर हे सगळ्यांसमोर वाचा. विहीणबाईंनाही ऐकवा, अक्रमनाही.

एक मागणं आहे. आयेशाला दोष देऊ नका. तिनं खाल्लं-प्यायलं म्हणून हे झालं नाही. ती माझ्या पोटात होती तेव्हाच माझं रक्त तिच्या अंगात भिनलं. तिनं तुमच्यापासून काही लपवलं नाही, लपवलं ते मी. शुक्रवारचं काय ते तुम्ही ठरवा, मी त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

लेक आणि बाळ कशी आहेत, एवढं कळवा.

आपली
नूरबी


दौंड
६ मार्च १९९९

नूरबी भाभींस अयुबचा सलाम. वि. वि.

मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. हे पहिल्यांदा लिहितो, कारण पाच दिवस तुम्ही कसे काढले असतील याची मला कल्पना आहे.

साळूबाई दुपारी दारात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, नुसता कागद पुढं केला. जीपच्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबलो. झिशाननं जीपमधली माणसं उतरवली आणि तासाभरात आम्ही दौंडला पोचलो. रक्तात साखर तीनशेवर होती. बाळाचे ठोके मंद पडत होते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन फक्त एवढंच विचारलं की तपासणी कुणी थांबवली. मी थांबवली असं सांगितलं. संध्याकाळच्या आत ऑपरेशन केलं.

मुलगी अंगानं मोठी आहे, दिवस भरल्यासारखी दिसते, पण श्वास कच्चा होता. आईची साखर तुटल्याबरोबर तिची साखर एकदम खाली गेली, हातपाय थरथरायला लागले. काचेच्या पेटीत ठेवून सलाईन लावलं. दर दोन-तीन तासांनी टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त बघतात. कालपासून थरथर नाही. आज आईचं दूध चमच्यानं पाजलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुक्रवार गाठला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.

तुमचं उरलेलं पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही. नंतर घरातल्यांना सांगितलं, पण माझ्या शब्दांत, थोडक्यात.

आता दुसरं. शुक्रवारी आम्ही आलो नाही आणि पुढंही येणार नाही. अक्रमची आई साखरेचं कारण देते. ते मला पटत नाही, अल्लाहनं दिलेल्या दुखण्याला कुणी काय करणार. अक्रम तर माझ्याशी भांडला. नाही म्हणतोय तो मीच. भाभी, ती ओळ मी चौघांत दोनदा वाचली. लिहिलेली तुमची होती, पण आवाज माझा होता. माझ्या नातीचा जीव त्या आवाजानं जात होता. इथून पुढं तुमच्याकडचा कागद हातात आला की मला आधी शंका येईल, आणि शंका घेऊन दुसरी सून आणणं मला जमणार नाही. कठोर लिहितोय. तुम्ही शेवटी खरं लिहिलंत, म्हणून मीही खरं लिहितो.

आयेशाला या घरात यावरून कुणी शब्दानं दुखवणार नाही. ते माझ्याकडं लागलं.

आपला
अयुब


७८६
शिरूर
११ मार्च १९९९

चि. सौ. आयेशा हिस अम्मीचा सलाम, आणि तुझ्या लेकीला आयुष्याची दुआ. वि. वि.

हे पत्र शिरूरच्या दवाखान्यातून लिहिते आहे. पायाची जखम रोज धुतात. एक बोट काढावं लागेल म्हणतात. तुझ्यापासून हे लपवलं नाही, बघ.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तू सलामसुद्धा लिहिला नाहीस, तो मी मागणार नाही. तू विचारलंस, ती ओळ लिहिताना मला काहीच वाटलं नाही का. वाटलं. म्हणून तर त्याच पत्रात मी लाडू बंद कर म्हणून लिहिलं. खरं बोलायची हिंमत नव्हती म्हणून कारल्या-मेथीच्या आडून तुला वाचवायला निघाले होते. दुसरं तू विचारलंस की तुझा भाऊ कुठं आहे. आपल्या कबरस्तानात, उत्तरेच्या भिंतीलगत, दगड नाही. तुझ्या अब्बांनी एकट्यानं नेलं होतं. तू आलीस की जागा दाखवते.

तहमीनाला सगळं मीच सांगितलं. दोन दिवस तिनं पाय धुवायचं पाणी न चुकता गरम करून ठेवलं आणि लगेच बाहेर निघून गेली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली की माझं लग्न तुझ्या साखरेनं मोडलं नाही, तुझ्या लपवण्यानं मोडलं, आणि पुढच्या पाहुण्यांना हे मीच दारात सांगणार, चहाच्या आधी. इथं आल्यावर तिनं डॉक्टरांपुढं आपला हात टाकला आणि आधी माझं रक्त बघा म्हणाली. सध्या साखर नाही. पण दरवर्षी बघायचं, आणि दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात बघायचं, असं तिनं स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. अक्रमचा निरोप आला होता, तो तिनं मला वाचू दिला नाही. तिच्या पत्रात मी आता डोकावणार नाही.

तूही लिहून ठेव. नानीला साखर, आईला बाळंतपणात साखर, मामा जन्मताच गेला. तुझी लेक मोठी होईल, तिला दिवस जातील, तेव्हा मी नसेन. डॉक्टर विचारतील तेव्हा तिनं माझ्यासारखं खोटं सांगू नये, आणि तुझ्यासारखं माहीत नाही म्हणून नाहीही म्हणू नये. सहा आठवड्यांनी तुझंही रक्त पुन्हा बघायचंय, विसरू नकोस.

अयुबभाईंचा मला राग नाही. त्यांना माझा सलाम सांग, घेतला तर.

आयेशा, तिच्या टाचेला सुया टोचतात ना? त्या आता थांबल्या की अजून चालू आहेत? कुठल्या टाचेला जास्त टोचलंय, तिथं माझ्या वतीनं अंगठा हळूच फिरव. माझ्यावरचा राग तसाच राहू दे, पण एवढं उलट टपालानं लिही.

तुझी अम्मी
नूरबी